कमानीतून येणारा पाव

बेटावरून,
११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिन्याची तिसरी पायरी आठवते का तुला? नदी चढली की आपण दोघी तिथे फ्रॉक गुडघ्यांवर ओढून बसायचो. टेबल-खुर्च्या छताच्या आकड्यांना टांगलेल्या, चूल वरच्या मजल्यावर, आणि खालच्या स्वयंपाकघरातून नदी चाललेली. शिंपीणकाकूंच्या घराकडच्या कमानीतून आत यायची, समोरच्या कमानीतून पलीकडे जायची, जणू तिला आपल्याकडे काही कामच नव्हतं. मग तिच्यावरून वरच्या टोकाच्या बेकरीतून सोडलेला लाकडी ट्रे डुलत यायचा. प्रत्येक घराने आपला पाव उचलायचा आणि ट्रे पुढे ढकलायचा. तू दोन उचलायचीस. खालच्या टोकाला बँडवाल्यांकडे ट्रे पोचला की ते खिडकीतून ट्रम्पेट वाजवून बेकरीला पोच द्यायचे, आणि त्या ट्रम्पेटमध्ये पाव कमी आल्याची तक्रार मला साफ ऐकू यायची.

हे आज आठवायला कारण आहे. गेल्या वर्षीच्या पाण्याने बेकरीचा कोपरा खचला. आपल्या ओळीतल्या भिंतींना तडे गेलेत. पालिकेने ठरवलंय की कण्याच्या गल्लीतली ही सगळी ओळ पाडायची, आपल्याला नदीपलीकडे फ्लॅट द्यायचे आणि इथे बाग करायची. बाकडी आणि कारंजं असलेली. नदीच्या मधोमध कारंजं, ताई.

पाहणीला इंजिनीअर बाई आल्या होत्या. आपल्या शाळेत शिकवून मी निवृत्त झाले त्या सुमाराला त्या स्वतः शाळेत जात असाव्यात, इतक्या तरुण. मी त्यांना चहा दिला आणि माझं चित्र दाखवलं. सगळ्या घरांचे तळमजले मी मोजून एकाच लांब कागदावर काढलेत. त्यात दिसतं ते असं : प्रत्येक घराच्या सामाईक भिंतीत कमान आहे, आणि सगळ्या कमानी बेकरीपासून बँडवाल्यांपर्यंत एका रेषेत आहेत. ज्यांनी हे बेट वसवलं ते होड्या बांधणारे लोक. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आज त्या सगळ्या कमानी विटांनी बुजवलेल्या आहेत. पाणी अडतं, बेकरीपाशी तुंबतं आणि ओळीला रेटतं.

बाईंनी चित्रावर वाकून एकेक कमान बोटाने मोजली. शेवटी म्हणाल्या की सगळ्या कमानी उघडल्या तर त्या या वर्षीच्या पाण्यापर्यंत थांबायला तयार आहेत. पाणी विनाअडथळा वाहिलं तर ओळ राहील. एकही कमान बंद राहिली तर उपयोग नाही.

सगळे तयार आहेत. राहिली ती आपली भिंत, शिंपीणकाकूंच्या बाजूची. घर दोघींच्या नावावर आहे, म्हणून तुझा होकार हवा. कळव.

गुडघ्यांना जपणे. लोभ आहेच, वाढला तर ठेवायला वरचा मजला मोकळा आहे.

तुझी,
पाणकोंबडी


मुलाच्या घरून,
२० जानेवारी

चि. पाणकोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून आपल्या शाळेतल्या मदर सुपीरियरच्या धाकात आहे, समास सोडून, ओळ न वाकवता. माझं बघ, उतारावरून घरंगळत चाललंय.

इथलं सगळं ठीक. इथे नदी म्हणजे नळाला येतं तेवढंच पाणी. सूनबाईने मला गच्चीत दोन कुंड्या दिल्यात आणि नात मला सांगते की आजी, तू त्यांना बुडवतेस. जुनी सवय.

मी दोन पाव उचलायचे ते एक तुझ्यासाठी असायचा. तू बसल्या जागी डुलक्या काढायचीस आणि ट्रे निघून जायचा. हे बँडवाल्यांना कुणी सांगितलंच नाही.

भिंतीचं म्हणशील, तर नाही. ती आईने बांधली आहे. बाकी घरात तुला हवं ते कर, जिना रंगव, खिडक्या बदल, मी विचारायलाही येणार नाही. त्या भिंतीला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा तिला चुन्याचा हात द्यायचा, हे मी येताना सांगून आले होते, आणि तू ते पाळतेस म्हणून मला इथे झोप लागते.

यावर वाद घालू नकोस. माझ्यावर रागव हवं तर. तुझ्या रागाची मला सवय आहे आणि तो टिकत नाही.

तुझी,
ताई


बेटावरून,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

रागावले होते. चार ओळींचं पत्र लिहून फाडलंसुद्धा. तू म्हणतेस तसा टिकला नाही.

काल शाळेच्या सभागृहात बेटवाल्यांची बैठक झाली. भिंतभर माझं चित्र लावलं होतं. बेकरीवाले, म्हणजे आपल्या वेळच्या बेकरीवाल्यांचा नातू, पण टक्कल थेट आजोबांचं, स्वतःच्या घराच्या चौकोनावर बोट ठेवून उभेच राहिले. बेटाच्या वरच्या टोकाला दगडी नाक आहे ना, जिथे तू मला पोहायला ढकललं होतंस, ते नाक प्रवाह दोन बाजूंना फोडण्यासाठी आहे, आणि मधून उरलेलं पाणी कमानींनी घ्यायचं, हे मी समजावून सांगितलं. होडीचं नाक, होडीचा कणा. आपण जन्मभर एका नांगरलेल्या होडीत राहिलो आणि तिला गल्ली म्हणत आलो.

बँडवाल्यांनी विचारलं की मग एवढी शहाणी माणसं कमानी बुजवायला का लागली. सगळ्यांच्या नजरा चित्रातल्या आपल्या घरावर गेल्या. कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पहिली भिंत आपल्या घरात उठली. ट्रे अडला, मग पलीकडच्यांनी बुजवली, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. एकमेकांच्या स्वयंपाकघरातून जाणं-येणं संपलं आणि आपण सगळे शेजारी झालो, घंटी वाजवून येणारे.

कुणी मला काही बोललं नाही. शिंपीणकाकू तर नाहीच. त्या खाली मान घालून हातरुमालाला घड्या घालत बसल्या होत्या. आईने भिंत घातली ती त्यांच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाला कंटाळून, असं आपल्याकडे म्हणायचे. त्या दिवसापासून त्या मशीनखाली गोधडी घालतात, तुला माहीत आहे? अजून घालतात. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून हळूच शिवतात.

मी तुझ्याशी वाद घालणार नाही. एक विचारते फक्त. आईची दुसरी कुठलीच वस्तू तू मागितली नाहीस. भांडी नाहीत, बांगड्या नाहीत. मग भिंतच का? बाबा गेले तेव्हा मला मदरनी वसतिगृहात ठेवून घेतलं होतं. परत आले तेव्हा भिंत उभी होती, ओली होती, आणि मला कुणी काही सांगितलं नाही.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वादाची तर नेहमीचीच.

तुझी,
पाणकोंबडी


मुलाच्या घरून,
१३ फेब्रुवारी

चि. पाणकोंबडीस,
तुझ्या वाटचे आणि थोडे जास्तीचे आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या मेव्हण्यांनाही नाही.

मशीनचा काही संबंध नव्हता. तापाने बाबा गेले आणि दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. तुला आठवतं ना कमानींचं, कुणी दार वाजवायचंच नाही. वरून येणारे आपल्या घरातून खाली जायचे, खालचे वर. चांगली माणसं होती सगळी. कुणी पेज आणायचं, कुणी नुसतंच पाठीवरून हात फिरवायचं. आई पदर खोचून सगळ्यांशी बोलायची. तांदूळ निवडायला बसली की समोर कुणीतरी. केस विंचरायला बसली की कुणीतरी. रडू दाटून यायचं आणि कमानीत माणूस उभं असायचं, ते मागे ढकलून ती हसून या म्हणायची. मी पंधरा वर्षांची होते. तिला रडायला घरात एक कोपरा नाही, हे मला दिसत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

एका सकाळी ती म्हणाली, विटा उचलायला लाग. होडीच्या शेडमागे पडलेल्या विटा मी आणून दिल्या, तिने रचल्या. थापी गवंड्याकडून मागून आणली, ती परत गेलीच नाही. वर कमानीपर्यंत पोचायला ती बाबांच्या कपड्यांच्या पेटीवर चढली. कुणी विचारलं तर सांगायचं, मशीनचा आवाज येतो. खरं कारण सांगितलं असतं तर सगळी गल्ली ओशाळली असती, आणि ओशाळून आणखी जास्त वेळा आली असती.

शेवटची वीट बसली तशी ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि रडली. खूप वेळ. मी समोरच्या कमानीत उभी राहून येणाऱ्यांना परत पाठवत होते.

ती पाठ टेकून बसली होती, ती जागा मला अजून दाखवता येईल. आता सांग, ती भिंत मी कशी पाडू देऊ?

काकूंना हे कळलं तरी चालेल आता. त्यांच्या गोधडीचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मी जेवले नाही.

तुझी,
ताई


बेटावरून,
२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार, पायांना हात लावून.

तुझं पत्र मी तिसऱ्या पायरीवर बसून वाचलं. मग त्या भिंतीपाशी जाऊन बसले. कुठे बसायची ती, हे तू न दाखवताही समजलं. तिथे जमिनीची फरशी थोडी गुळगुळीत आहे. ताई, ती एकदाच नाही बसली तिथे.

मी ठरवलं की पुढच्या बैठकीत सांगायचं, आमची भिंत पडणार नाही, दोष आमचा. त्याआधी काकूंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. काकू उठल्या, मशीनखालची गोधडी ओढून काढली, झटकली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग मशीनवर बसून असं पायडल मारलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. कापड नव्हतंच सुईखाली. मी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या की एवढी वर्षं मनातल्या मनात तुझ्या आईशी भांडले, आता माझे सगळे मुद्देच गेले.

त्यानंतरचं नीट वाच. काकूंना त्यांच्या बाजूने भिंत बघायची होती. त्यांचं कपाट तिला टेकून होतं. आम्ही दोघींनी ते ओढलं. मागे गिलावा नाही, काही नाही. चिडून त्यांनी त्या बाजूला कधी हातच लावला नव्हता, त्यामुळे आईने रचल्या तशाच विटा उघड्या. मी एका सांध्यावर नख फिरवलं आणि माती सांडली. नुसती माती, ताई. चुन्याचा कण नाही. विटा बाजूच्या दगडात कुठेही खोवलेल्या नाहीत, नुसत्या टेकवलेल्या आहेत. कमानीच्या माथ्याखाली तर बोट जाईल एवढी फट आहे. कमानीचा एक दगडसुद्धा तिने दुखावलेला नाही.

मी इंजिनीअर बाईंना बोलावलं. त्यांनी बॅटरी लावून खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं की गवंडी कोण होता, कारण त्याला ही भिंत टिकायला नको होती. मी सांगितलं, आमची आई होती. आणि आपल्या बाजूने ती इतकी वर्षं उभी आहे ती फक्त आपण दरवर्षी दिलेल्या चुन्याच्या थरांवर.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. जे पाहिलं ते लिहिलं. तू नाही म्हणालीस तर मी बैठकीत ‘नाही’ असंच सांगेन, आणि तेही सरळ ओळीत.

तुझी,
पाणकोंबडी


मुलाच्या घरून,
६ मार्च

चि. पाणकोंबडीस,
आशीर्वाद.

मला आठवलं.

होडीच्या शेडमध्ये चुन्याची भरलेली गोणी होती. मी आईला म्हटलं, चुना कालवून देते. ती म्हणाली नको, माती पुरे, चुन्याने भिंत फोडणाऱ्याचे हात सोलतात. मला वाटलं, दुःखाने तिचं डोकं चालत नाही, अजून भिंत बांधून झाली नाही आणि ही फोडणाऱ्याची काळजी करतेय. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शहाणपणापुढे दुसरं काय दिसणार?

मग पाणी आलं, मग तुझ्या परीक्षा, मग माझं लग्न, मग ती स्वतः आजारी. भिंत काढायची राहून गेली. आणि मी दरवर्षी निरोप पाठवून तिला पक्की करत राहिले. म्हणजे आपण दोघींनी मिळून आईला चांगलाच चुना लावला.

आई हसली असती यावर. मी तर इतकी हसले की सून धावत आली.

उघड कमान. माझा होकार सोबत जोडला आहे. मजुरांना हात लावू देऊ नकोस, तू आणि काकू मिळून काढा. एकेक वीट, वरून खाली, आणि फोडू नका.

तुझी,
ताई


बेटावरून,
९ ऑगस्ट

ती. ताईस,
नमस्कार, आणि आज जरा ऐटीत.

पाणी आलं आणि गेलं. आपण उभ्या आहोत.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तू दोनदा वाचशील आणि चष्म्याला दोष देशील. सकाळी नदीने नाकाला टेकून दोन फाटे केले, तसे आम्ही टेबलं आकड्यांना टांगली. तरुण मंडळींना गाठ मारता येईना, तेव्हा काकूंनी खुर्चीत बसून हुकूम सोडले. इंजिनीअर बाई बेकरीच्या वरच्या मजल्यावर, हातात मोजपट्टी. त्यांचा मदतनीस बँडवाल्यांकडे, दुसरी मोजपट्टी घेऊन. बेकरीकडचं पाणी खालच्या टोकापेक्षा वर चढलं, तर कुठेतरी अडलंय आणि आपण हरलो. दोन्हीकडे सारखं राहिलं तर जिंकलो.

मी तिसऱ्या पायरीवर बसले. तुझ्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही.

आधी नुसता ओलावा आला फरशीवर. मग काकूंच्या कमानीतून पाण्याची एक जीभ आत आली, आई बसायची त्या फरशीवरून गेली, आणि थांबली नाही. मला वाटलं होतं मला रडू येईल. त्याऐवजी मी तिला पुढे जा, पुढे जा म्हणत होते, एखादं बाळ पहिल्यांदा चालताना म्हणावं तसं. ती खालच्या कमानीत शिरली. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं की आली. मग त्याच्या पलीकडून. आली, आली असं गल्लीभर खाली जात राहिलं.

पाणी गुडघ्याएवढं झालं आणि काकूंच्या कमानीत ट्रे दिसला. बेकरीवाल्यांनी आजोबांचाच ट्रे माळ्यावरून काढला होता, कडा झिजलेला. काकूंनी आपला पाव घेऊन माझ्याकडे ढकलला. मी माझा उचलला, पाव गरम होता, ताई, आणि ट्रे पुढे लोटला. माझा रेटा तिरका गेला, त्यामुळे तो कमानीला आपटला, गिरकी घेतली आणि सुटला.

मग काही नाही. कितीतरी वेळ काही नाही. प्रत्येक घर जिन्यावर बसून कान देऊन होतं. बँडवाल्यांनी नवी कवळी बसवली आहे आणि महिनाभर त्यांच्याकडून ट्रम्पेटऐवजी चहाच्या किटलीसारखा आवाज येत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ट्रे अडलाय की कवळी, हेच कळेना.

आणि वाजलं. पहिला सूर फाटला. दुसरा स्वच्छ निघाला, आणि मग त्यांनी थांबायचं नावच घेतलं नाही. नंतर कळलं, कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली होती.

दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहिलं. इंजिनीअर बाई गुडघाभर पाण्यातून, सगळ्या कमानींतून वाकत, बेकरीपासून खालपर्यंत चालत गेल्या. प्रत्येक घरात लोकांनी त्यांच्यासाठी जिन्यावरून टाळ्या वाजवल्या. आपल्या घरात त्या थांबल्या, वर बघून म्हणाल्या की ओळ राहणार, आणि तुमच्या आईंचं काम मी अहवालात लिहिणार आहे. काल पालिकेचा निर्णय आला. पाडणं रद्द. गल्लीला जुन्या वस्तीचं संरक्षण. कारंजं पलीकडच्या काठावर करतायत, तिकडे शोभेलही.

आता घरात कुणीही कुठूनही येतं. काल मी केस विंचरत असताना बेकरीवाले थेट आत. मी त्यांना सांगितलं, आत यायच्या आधी कमानीच्या दगडावर टिचकी मारत जा. गल्लीत सगळ्यांनी ते उचललंय. आईला एवढंच हवं होतं बहुतेक.

विटा शाबूत आहेत, मागच्या अंगणात रचून ठेवल्यात. त्यांचं काय करायचं ते सांग. आईच्या वस्तूंचंही सांग, खालची खोली आता रस्ता झाली आहे.

तुझी, ओली,
पाणकोंबडी


मुलाच्या घरून,
१७ ऑगस्ट

चि. पाणकोंबडीस,
आशीर्वाद, ट्रम्पेटसकट.

तुझं पत्र मी घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कवळीपाशी पोचल्यावर मला पुढे वाचता येईना, नातीने पूर्ण केलं. तिने आता विचारलंय की आपल्या घराला कमान का नाही. शेजारचे तिला आवडतात.

आता वाटणी लिहून ठेव.

विटा ओळीतल्या प्रत्येक घराला एकेक. भिंतीत वापरायची नाही, हे बजावून सांग. पाणी आलं की जिन्यावरच्या चटया वाहून जाऊ नयेत म्हणून वर ठेवायला. उरतील त्या बेकरीच्या खचलेल्या कोपऱ्यासाठी, तिथे पाया भरताना घालू देत.

थापी इंजिनीअर बाईंना. मूठ सैल आहे, म्हणावं, पण हात चांगल्या बाईचा लागलेला आहे. अहवालात आईचं नाव लिहितील तेव्हा त्यापुढे गवंडी असं लिहायला सांग.

आईचा काळा शालू काकूंना. त्यांना आता शिवायचं काही नसेल तर उगाच पायडल मारत राहा, असं माझं सांगणं. गोधडी त्यांना परत देऊ नकोस, ती माझ्याकडे पाठव. इथे थंडी बरी पडते.

बाबांची पेटी बँडवाल्यांना, ट्रम्पेट ठेवायला. तिच्यावर उभी राहून आईने कमान बुजवली होती, आता तिच्यात आवाज राहू दे. आणि त्यांना दोन पावांचं खरं काय ते सांगून टाक, फार वर्षं झाली.

लांब कागदावरचं चित्र शाळेला. मदर सुपीरियरच्या फोटोशेजारी लावा, ओळी सरळ आहेत का ते त्यांना बघत बसू दे.

आईच्या बांगड्या तुला. नाही म्हणू नकोस.

पुढच्या वर्षी पाणी चढायच्या आधी मला घ्यायला ये. गुडघ्यांचं मी बघते. तिसरी पायरी पुसून ठेव, आणि ट्रेमधला माझ्या वाटचा पाव कुणालाही द्यायचा नाही. तो मी स्वतः उचलणार आहे.

तुझी,
ताई